मारुतीच्या पेटीचा कर

॥ श्री तुळजाभवानी प्रसन्न ॥

मी, विनोदिनी शरच्चंद्र पोतनीस, माहेर धार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, शिक्षण मॅट्रिक, काम घरचे, राहणार टेकडीचा पायथा, देवास, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांची कायद्याला गरज नाही. मला कोणी धाक घातलेला नाही की लालूच दाखवलेली नाही. उलट मी काहीच लिहू नये असे सगळ्यांचे म्हणणे होते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझा एकुलता मुलगा मनन इंदूरला हिंदीत शिकला, त्याला मराठी वाचताना अडखळायला होते. म्हणून सूनबाईंनी, म्हणजे ऋजुताने, हे त्याला मोठ्याने वाचून दाखवावे आणि मधले काही गाळू नये. या मृत्युपत्राची व्यवस्था पाहणारी म्हणूनही मी ऋजुतालाच नेमते. ती नागपूरची आहे, वाद घालायला भीत नाही.

लिहिण्याचे कारण असे. माझे यजमान कै. शरच्चंद्र यांनी हयातभर चालवलेला वीर मारुती फुटबॉल क्लब करापायी बुडाला आहे. मैदानाला सरकारी कुलूप आहे आणि लिलावाची नोटीस फाटकावर चिकटवली आहे. मैदान वाचवायचे का, आणि वाचवायचे तर घर विकून की यजमानांचा शब्द मोडून, एवढेच मला ठरवायचे होते. बाकीची भांडीकुंडी ओघाने येतात.

कलम १. क्लब बुडाला कसा, ते मननला नीट माहीत नाही. मैदानाच्या पूर्वेच्या गोलामागे मारुतीची घुमटी आहे. क्लब काढला तेव्हा आमच्या सासऱ्यांनी त्याच्यासमोर शपथ घेतली की या मैदानावर खेळाचे तिकीट विकायचे नाही. म्हणून फाटकाशी शेंदूर लावलेली लोखंडी पेटी ठेवली. येणाऱ्याने त्यात पैसे टाकायचे आणि आत जायचे. देवासच्या थोरल्या पातीचे आणि धाकट्या पातीचे, म्हणजे जुन्या दोन संस्थानांचे, संघ भिडायचे तेव्हा पेटी दोनदा रिकामी करावी लागे. त्या पैशांतून चेंडू, जाळ्या आणि बाहेरगावच्या पोरांचे जेवण निघे. तो देवाचा पैसा, त्यावर कसला कर, असे यजमान धरून चालले. खोटेपणा त्यात नव्हता. ते पेटी उघडण्याआधी पायांतले काढत.

कर खात्याचा साहेब चांगला माणूस होता. तो म्हणाला, "पोतनीस साहब, लिख दो कि टिकट था. ब्याज और दंड माफ हो जाएगा, सिर्फ मूल भरना."

यजमान म्हणाले, "टिकट नहीं है. मारुती की पेटी है. जिसे नहीं डालना, न डाले."

"तो बिना डाले कितने लोग अंदर गए?"

यजमानांनी कागद गोळा केले. घरी येऊन त्यांनी पाट घेतला, आणि ताटावरून तसेच उठले.

उत्तर मला माहीत होते. धारचे माझे बंधू गोपाळराव एकदा फायनल बघायला आले. पेटी देवाची आहे असे ऐकून त्यांनी हात जोडले आणि आत निघाले. फाटकावर मैदानाचा राखणदार, आमचा उमाशंकर, काठी घेऊन उभा. तो म्हणाला, "भिया, हाथ जोड़ने से नी चलेगा, पेटी में डालो." गोपाळराव तसेच एसटी स्टँडवर गेले आणि पुढे आमच्या उंबऱ्याला त्यांचा पाय लागला नाही. माझ्या भाऊबिजेच्या ओवाळणीला ते मनीऑर्डर करत. म्हणजे फाटकातून पैसे टाकल्याशिवाय कोणी आत गेलेले नाही. माझा सख्खा भाऊसुद्धा नाही.

कलम २. वरील गोपाळरावांना माझ्या लग्नातला चांदीचा तांब्या द्यावा. तो धारहूनच आलेला आहे. उमाशंकर चुकला नव्हता, पण ते तसे मान्य करणार नाहीत, म्हणून तांब्या देताना विषय काढू नये.

कलम ३. उमाशंकरला यजमानांची सायकल. नवे टायर माझ्या खर्चाने टाकले आहेत.

कलम ४. क्लबचे अध्यक्ष जयसिंगराव ज्या हाताच्या खुर्चीवर बसतात ती खुर्ची आमच्या घरची आहे. परत आणावी. जयसिंगराव आपले पाहुणे नेहमी बाजूच्या दाराने नेत, पेटीकडे फिरकू देत नसत. यजमान वारल्यावर नोटिशीवर सही करायला कोणी पुढे येईना, तेव्हा यांनी सभा भरवून मला क्लबची सचिव केली आणि गळ्यात हार घातला. हार शिळा होता.

कलम ५. हे कलम वाचताना मननने उठून जाऊ नये.

मनन, तुझ्या बाबांच्या दहाव्याला क्षिप्रेच्या घाटावर पिंडाला कावळा शिवत नव्हता. झाडावर कावळे होते, खाली येत नव्हते. जयसिंगराव पुढे होऊन म्हणाले, "शरदभाऊ, वहिनींना काही कमी पडू देणार नाही." कावळा हलला नाही, आणि त्यात मला नवल वाटले नाही. मी म्हणाले, घर सांभाळीन. तरी नाही. गुरुजी घड्याळ बघायला लागले. ऊन चढले होते, मला घेरी आल्यासारखे झाले. तेव्हा तू पुढे झालास आणि म्हणालास, "बाबा, ग्राउंड जाऊ देणार नाही. पक्का." तुझे बोलून व्हायच्या आत कावळा उतरला.

परतताना गाडीत मी विचारले, "कसं करणार आहेस?"

तू म्हणालास, "आई, कुछ तो बोलना था ना. तू पडली असतीस तिथे."

आईला उन्हातून हलवण्यासाठी मुलगा जे बोलला ते त्याच्या नावावर मांडायला मी तयार नाही. ते वचन मी आजपासून माझ्याकडे वळते करून घेते. मनन त्यातून मोकळा आहे. वारलेल्या माणसाला काय हवे आहे, ते पुढच्या कलमात.

माझ्या स्वतःच्या दहाव्याला मात्र कोणी काहीही कबूल करू नये. पक्षी आला तर आला. नाहीतर दर्भाचा करून शिववावा आणि वेळेवर जेवायला बसावे.

कलम ६. मैदानाला कुलूप लागले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात उमाशंकर सकाळी दारात येऊन उभा राहिला. आत या म्हटले तरी येईना. देवीची शपथ घेऊन म्हणाला, "भाबी, मैदान पे चूने की लकीर डली है. म्हने नी डाली. माताजी की सौं."

मी म्हटले, "पोरं भिंतीवरून उड्या मारून गेली असतील."

"पोरां ने लकीर डालनी नी आवे, भाबी. बिगाड़नी आवे."

मी त्याच्याबरोबर गेले. फाटकाच्या गजांतून पाहिले. चारी बाजूंच्या रेघा सरळ, मधले वर्तुळ पुरे, चुना अजून ओला. पेनल्टीचा ठिपका गोलाच्या जरा जास्तच जवळ होता. यजमानांचा उजवा गुडघा एका सामन्यात गेला, तेव्हापासून त्यांचे पाऊल आखूड पडे. ते ठिपका पावलांनी मोजत, आणि तो दर वेळी तेवढाच आत येई. बाहेरचे संघ हसत. दुसऱ्या कोणाच्या हातून तो ठिपका तिथे पडणार नाही. मी फाटकाला हात लावून नमस्कार केला, मारुतीला की आणखी कोणाला हे मला सांगता येणार नाही, आणि घरी येऊन कुकर लावला.

त्यानंतर पाऊस येऊन रेघा धुवून नेतो, आणि उघडीप पडली की त्या परत असतात. यजमानांचे कॅनव्हासचे बूट मागच्या ओसरीत आहेत. रेघा पडतात त्या सकाळी बुटांवर पांढरी धूळ असते. मी पुसून ठेवते. पुसताना मी त्यांच्याशी बोलत नाही, कारण उत्तर आले तर काय करायचे ते ठरलेले नाही. मी आयुष्यभर घरातल्या मिठाचाही हिशेब ठेवला आहे. हा चुना कोणाच्या नावावर टाकावा ते मला समजत नाही. हिशेबाच्या वहीत तेवढी जागा मी मोकळी ठेवली आहे.

कलम ७. हे घर मननला, विकण्यास पूर्ण मोकळीक. मात्र ते त्याच्याकडे असेपर्यंत वरील बूट ओसरीतून हलवू नयेत. देवघरातले देव ऋजुताने न्यावेत. रोज पूजा जमत नसेल तर नुसती फुले वाहावीत, पण बाळकृष्णाला उपाशी ठेवू नये.

कलम ८. माझ्या पाटल्या नात वल्लरीला. ती शाळेच्या संघात डाव्या बगलेला खेळते. मोडून खेळाचे बूट घेतले तरी माझी हरकत नाही. सोनार घट किती धरतो ते मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे.

कलम ९. आता मुदतठेव. वकिलांनी मला दोन वाटा सांगितल्या. पेटी देवाचीच होती या म्हणण्यावर अडून राहायचे, तर व्याज आणि दंडासकट सगळे भरावे लागते आणि त्याला हे घर विकावे लागते. तिकीट होते असे लिहून दिले तर फक्त मूळ कर, आणि त्याला माझी ठेव पुरते. यजमान पहिल्याच वाटेने गेले असते. ते गेलेच होते, आणि त्या वाटेवरच त्यांच्या छातीत शेवटची कळ आली.

मी बरेच दिवस देवापुढे बसून विचारले. देवाने काही सांगितले नाही. मारुतीला करातले समजत नसावे.

आज सकाळी जयसिंगराव छापील अर्ज घेऊन आले. सचिवाने सही करायची होती. मी चष्मा लावला तसे ते म्हणाले, "वहिनी, आणखी एकवार बघा. शरदभाऊ ह्यापायी गेले, आणि तुम्हीच लिहून देणार की ते खोटं बोलले?"

मी म्हटले, "खोटं बोलले असं नाही लिहीत. चुकले असं लिहिते. तुमचे पाहुणे बाजूच्या दाराने गेले, तेही लिहू का?"

जयसिंगरावांनी कप खाली ठेवला. चहा अर्धा टाकून गेले, साखर वाया गेली.

मी लिहून दिले की श्री मारुतीच्या नावाने फाटकावर ठेवलेली पेटी हे प्रवेशाचे तिकीटच होते, आणि पैसे दिल्याशिवाय फाटकातून कोणास आत सोडले जात नसे. खाली विनोदिनी शरच्चंद्र पोतनीस अशी पूर्ण सही केली. सही करताना त्यांचे नाव मध्ये आले, तिथे पेन अडले. मग पुढे गेले. ठेव मोडून बँकेचा ड्राफ्ट अर्जासोबत दिला. तेव्हा माझ्या पश्चात मुदतठेव शोधू नये. ती संपली. कुलूप निघेल आणि मैदान क्लबकडे राहील, असे वकील म्हणतात.

उद्या सकाळी मी उमाशंकरला मैदानाकडे पाठवणार नाही. रेघा असतील तर असोत. नसतील तर ते मला आजच कळायला नको आहे.

कलम १०. याखेरीज जे काही निघेल ते मननचे आणि ऋजुताचे, निम्मे निम्मे.

एक गोष्ट मात्र मी कोणालाच ठेवत नाही. वर गेल्यावर यजमान मला पाट मांडून देणार नाहीत, आधी विचारतील, की तू सही केलीसच कशी. त्याचे उत्तर माझ्याजवळ तयार आहे. ते मी इथे लिहीत नाही आणि त्याला वारस नेमत नाही.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, मी वाचला, तो माझ्या मनासारखा आहे. दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही करते, आणि त्यांनी माझ्यासमोर करावी.

ठिकाण : देवास
दिनांक : १५ सप्टेंबर २०२५

सही : विनोदिनी शरच्चंद्र पोतनीस

साक्षीदार :
१. प्रमोदिनी सरवटे, शेजारीण, निवृत्त शिक्षिका
२. डॉ. दीपेश सोलंकी, यांनी नाडी पाहिली व मी शुद्धीवर असल्याचे सांगितले; फी घेतली नाही