डाव्या झाकणामागची चार भोकं

आज दुपारी दोन वाजता आमच्या गावाचे प्रमुख लाम्बेर्तू स्वतः चालत जाऊन बघून आले. त्यांनी सांगितलं की वरचा डांबरी रस्ता दोन ठिकाणी दरडीसकट खाली गेला आहे आणि दहा दिवस तरी तो उघडत नाही. आता खालची, नदीच्या पात्रातली वाट तेवढी उरली. ती चौदा किलोमीटरची आहे आणि नदी सात वेळा ओलांडते. जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, की उद्या संध्याकाळपर्यंत मी त्यांच्यासमोर पोचलो तर पायाचं बघता येईल. नाहीतर मग जिवाचंच बघावं लागेल.

म्हणून मी, अगापितू मार्साल, वय एकसष्ट, धंदा मोटारसायकल दुरुस्ती, राहणार लोलोसुई, जिल्हा कोवालिमा, तिमोर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. ताप आहे, पण तो अजून गुडघ्याखालच्या भानगडीतला आहे, डोक्यातला नाही. कोणाचाही दबाव नाही असं लिहायची पद्धत आहे. माणसांचा दबाव नाही, एवढं मी लिहू शकतो.

पाय कसा गेला तेही लिहून ठेवतो, नाहीतर गावात वेगळंच सांगतील. गुरुवारी सकाळी मी गाडी कॉफीच्या खोक्यावर चढवून मागचं चाक काढलं होतं. वर दरड सुटली, जमीन हादरली, खोकं सरकलं आणि इंजिन माझ्या नडगीवर बसलं. माझी मेहुणी रोझिता मळ्यातून येईपर्यंत दीड तास मी माझ्याच गाडीखाली होतो. तिने आधी गाडी उचलली नाही, आधी विचारलं, "दाजी, आता तरी पटलं का, ती बाहेर ठेवायची वस्तू आहे?"

एक. घर. ते माझं नाही, म्हणून देत नाही. आमच्यात नवरा बायकोच्या घरी येतो आणि घर, जमीन, कॉफीची झाडं बायकांकडून बायकांकडे जातात. माझी बायको मार्तिन्या चार वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून मी रोझिताच्या घरात रोझिताच्या मर्जीने राहतो. ती म्हणते, "आलात तेव्हा दोन शर्ट आणि एक पाना होता. जाताना चार शर्ट न्या, माझं काही म्हणणं नाही." पुढच्या खोलीतल्या जमिनीवरचा तेलाचा डाग मात्र माझा आहे. तो मी घराला सोडून जातो.

दोन. मी गेल्यावर वर्षभर काळा कपडा कोणी घालू नये. रोझिताने तर मुळीच नाही. तिला काळा शोभतो आणि ते ती दहा जणांना सांगेल.

तीन. हत्यारं. सतरा नंबरचा पाना लाम्बेर्तूंना देतो, कारण गेली सहा वर्षं तो त्यांच्याकडेच आहे. बाकी सगळी हत्यारं गाडीबरोबर राहतील. झडपांची फट मोजायच्या पात्या, आऱ्या आवळायची चावी, चेन तोडायचं यंत्र, हे गाडीपासून वेगळं करू नये.

चार. गाडी. एका सिलिंडरची, अडीचशे सीसी, डांबरावर आणि मातीत दोन्हीकडे चालणारी. स्वातंत्र्यानंतर परदेशी मदतवाले आले, ते गेले तेव्हा त्यांच्या लिलावात मी ही घेतली. तिला दर महिन्याला हे हवं: चेन दोन बोटं ढिली, जास्त नको, कमी तर नकोच. आऱ्या एकेक वाजवून बघायच्या, जी भसाडी वाजेल ती आवळायची. हवेचा स्पंज रॉकेलने धुऊन, पिळून, तेलात भिजवून परत पिळायचा. झडपांची फट इंजिन गार असताना मोजायची. गरम इंजिनावर मोजणाऱ्याने माझ्या हत्यारांना हात लावू नये.

मी तिच्यात जे बदल केले ते असे. पुढचं दातेरी चाक एका दाताने लहान केलं, त्यामुळे चढावर ती धापा टाकत नाही. इंजिनाखाली तेलाच्या पिंपाचा पत्रा ठोकून लावला. मागची सीट वीतभर लांब केली, म्हणजे पोटुशी बाई बसू शकेल.

आणखी एक बदल आहे. तो मी आजवर कोणाला सांगितलेला नाही.

पाच. सीटखाली हवेचा डबा असतो. इंजिन त्यातून श्वास घेतं. कारखान्याने त्याला वर, सीटच्या लगेच खाली, एक अरुंद नाक दिलेलं असतं. तिथपर्यंत पाणी आलं तरी गाडी नदीतून निघते. पण त्या नाकातून हवा कमी मिळते, आणि मला चढावर जोर हवा होता. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत मी ते नाक कापून काढलं, डब्याच्या डाव्या अंगाला चार भोकं पाडली आणि कार्बोरेटरमध्ये जास्त पेट्रोल सोडणारा मोठा जेट घातला. गाडी अशी पळू लागली की लाम्बेर्तू वळणावर उभे राहून टाळ्या वाजवायचे. भोकांवर डावं झाकण बसतं, त्यामुळे ती दिसत नाहीत. खालचं भोक कारखान्याच्या नाकापेक्षा दीड वीत खाली आहे. हे मला माहीत होतं. बाळंतपणाला हीच गाडी नेणाऱ्या सुईण देओलिंदाला मी ते सांगितलं नाही, कारण तिने विचारलं नाही आणि मला ती टाळ्यांची सवय झाली होती.

फेब्रुवारीत देओलिंदा हीच गाडी घेऊन ज्युलिएताला आणायला गेली. ज्युलिएताला कळा सुरू झाल्या होत्या. परत येताना दुसऱ्या उतारावर, म्हणजे नदी ओलांडायच्या दुसऱ्या जागी, पाणी मांडीपर्यंत होतं. त्या पाण्यातून देओलिंदा आधी वीस वेळा गेली होती. मधोमध इंजिन बंद पडलं. दोघी वाळूच्या पट्ट्यावर तीन तास अडकल्या. मूल तिथेच झालं, आणि जिवंत झालं नाही.

गाडी माझ्याकडे आली. मी इंजिन उघडलं. सिलिंडरमध्ये पाणी होतं आणि कनेक्टिंग रॉड वाकला होता. पाणी दाबलं जात नाही, म्हणून रॉड वाकतो. पाणी भोकांतून गेलं होतं. मी रॉड बदलला, वाकलेला रॉड नदीत टाकला आणि अंगणात जमलेल्या लोकांना सांगितलं, "क्लच अर्धा धरून चालवली. प्लेटा जाळल्या पोरीने."

लोकांनी ते मानलं, कारण इंजिनाच्या बाबतीत या गावात माझा शब्द शेवटचा. त्यानंतर देओलिंदाला कोणी गाडी दिली नाही. तीन वर्षं ती तट्टावरून बाळंतपणं करते. दोन घरांनी तर तिला बोलावणंच बंद केलं. भोकं मी तशीच ठेवली. ती बुजवली असती तर का बुजवली हे सांगावं लागलं असतं.

उद्या मला पाठीला बांधून सात उतार ओलांडायला दुसरं कोणी तयार नाही. देओलिंदा मघाशी आपणहून म्हणाली, "मी नेते." तिला वाटतं, पाणी सीटपर्यंत आलं तरी चालेल.

आमच्यात तंटा मिटवताना चटई अंथरतात. दोघं समोरासमोर बसतात, ज्याने केलं तो बोलतो, आणि जिचं नुकसान झालं ती समेटाचं विड्याचं पान घेईपर्यंत चटईवरून कोणी उठत नाही. मेलेल्या माणसाबरोबर चटईवर बसता येत नाही. म्हणून हे कलम माझ्या मरणानंतर वाचायचं नाही. हे आजच, उजेड असताना, देओलिंदाला वाचायला द्यावं. गाडी मी तिच्या नावे करतो.

पुरवणी. त्याच दिवशी, संध्याकाळी साडेपाच.

चर्चमधले धर्मशिक्षक फाउस्तू यांनी कागद देओलिंदाला दिला. तिने तो उभ्यानेच वाचला. मग अंगणात जाऊन डावं झाकण काढलं आणि चारी भोकांवर चार बोटं ठेवून बघितली.

परत येऊन म्हणाली, "काका, तीन वर्षं मी तट्टावर बसल्या बसल्या क्लच सोडायचा सराव करत होते. डाव्या हाताने. लगाम धरून. मला येत होतं हो."

जुनी ट्यूब आणि कात्री रोझितानेच आणून दिली, हे नोंदवून ठेवतो.

देओलिंदाने आधी मागचं चाक बसवलं, मग स्वतः भोकं बुजवली. जुन्या ट्यूबचे तुकडे, सोल्यूशन, वरून पत्रा आणि चार स्क्रू. मी खाटेवरून सांगत होतो. एकदा म्हणाली, "कळलं, पुरे." वरचं नाक तिने बागेच्या पाइपाचा तुकडा लावून पुन्हा बनवलं. मोठा जेट काढून जुना घातला. मी ऐकलं, गाडी नीट चालते. तिचा आवाज आता बारीक झाला आहे.

मग ती फाउस्तूंना म्हणाली, "पेन द्या. साक्षीदार म्हणून सही करते."

फाउस्तू म्हणाले, "अगं, सही केलीस तर गाडी तुला मिळणार नाही. ज्याला मिळतं त्याने साक्षीदार व्हायचं नसतं."

"माहीत आहे. म्हणूनच करते."

मी विचारलं, "उद्या येशील ना?"

"येईन. अडलेल्याला सोडवणं माझं काम आहे, काका. माफ करणं माझ्या कामात येत नाही. आणि चटई माझ्यासाठी अंथरू नका. मी जिवंत आहे, माझं मी बघेन. ज्युलिएता तिसऱ्या उताराच्या पलीकडे राहते."

माझ्यासमोरच तिने ज्युलिएताला फोन लावला. "उद्या सकाळी अंगणात चटई टाकून ठेव. पानही ठेव. अगापितूकाका तुझ्याशी बोलायला येताहेत." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. देओलिंदा म्हणाली, "ते तेच सांगतील."

त्यामुळे कलम पाच असं बदलतो: गाडी आणि हत्यारं गावच्या आरोग्य केंद्राला द्यावीत. तिथे सुईण कोण आहे हे लिहायची गरज नाही. आणि प्लेटा कोणी जाळल्या नव्हत्या, हे लाम्बेर्तूंनी रविवारी प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर वाचून दाखवावं, मी असो वा नसो.

लाम्बेर्तूंनी नदीकाठी काठ्या रोवल्या आहेत. पाणी तासाला चार बोटं उतरतंय. उद्या सकाळी सहा वाजेपर्यंत पहिल्या उतारावर ते चाकाच्या आसाखाली येईल असा त्यांचा अंदाज आहे. आम्ही सहाला निघू. तिसरा उतार सव्वासातच्या सुमारास होईल. वाटेच्या शेवटी रुग्णवाहिका साडेनऊपर्यंत थांबणार आहे, त्यानंतर ती दुसरीकडे जाईल. पुढचे चार उतार आणि नऊ किलोमीटर धरले, तर ज्युलिएताच्या अंगणातून आम्हाला आठच्या आत उठावं लागेल. ती पान कधी घेईल, हे तिच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही.

लिहून देणार: अगापितू मार्साल (सही)

साक्षीदार:
१. फाउस्तू आमाराल, धर्मशिक्षक (सही)
२. देओलिंदा बारेतू, सुईण (सही)

ठिकाण: लोलोसुई, रोझिताच्या घराची पुढची खोली
दिनांक: १२ फेब्रुवारी २०१९, मंगळवार