हळू सायकल आणि घरचा भेदी

२ जानेवारी
सोसायटीच्या स्पर्धा महिनाअखेरीस. हळू सायकलची शर्यत आहे, बायका-पुरुष एकत्र. सगळ्यांत शेवटी पोचेल तो पहिला. पाय टेकला की बाद. ताबडतोब नाव दिलं. ही स्पर्धा माझ्यासाठीच आहे. ऑफिसात माझ्याइतका सावकाश माणूस नाही, हे साहेबांनी चारचौघांत सांगितलेलं आहे.
जेवताना जाहीर केलं. मुलगी म्हणाली, बाबा, नुसतं हळू नाही, जवळजवळ उभंच राहायचं असतं. म्हटलं, उभं राहायला कसली अक्कल लागते! बायकोही काहीतरी म्हणाली. हं म्हटलं.
निश्चय: उद्यापासून पहाटे सराव.

३ जानेवारी, सकाळी ८.३०
आत्ताच जाग आली. थंडीत सांधे आखडलेले असतात, एकदम उठणं धोक्याचं. सराव संध्याकाळी.

५ जानेवारी
पार्किंगमध्ये सराव. तंत्र सोपं आहे. पेडलं आडवी, पुढचं चाक किंचित वाकडं, ब्रेक हलकेच. बराच वेळ उभा राहिलो. म्हणजे मला तसं वाटलं. मग खांबाला मिठी मारली. खांब चुकीच्या जागी आहे. सेक्रेटरींना कळवणे.

९ जानेवारी
घातपात! माझी सीट कुणीतरी खाली केली आहे. गुडघे हनुवटीला लागले. संशय: तिसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य. त्यांनीही नाव दिलंय. दुसऱ्यांना आ करायला लावतात, स्वतः तोंड उघडत नाहीत. असली माणसं खोल असतात.

१० जानेवारी
सीट वर केली होती, पुन्हा खाली. दंतवैद्यांना जिन्यात गाठून सरळ विचारलं. ते म्हणाले, काका, मला माझी सायकल आहे की. काका! माझ्याहून जेमतेम चार वर्षांनी लहान.

१४ जानेवारी
सिग्नलला पाय न टेकता उभा राहिलो. शेजारच्या टेम्पोला एका बोटाचा आधार, नावापुरता. हिरवा दिवा लागताच टेम्पो न सांगता निघून गेला. कोपर सोलवटलं. आजकाल कुणावर विसंबावं!

१९ जानेवारी
आज चुकून पहाटे जाग आली. शेजारी अंथरूण रिकामं. खिडकीतून पाहिलं, तर मागच्या मैदानात बायको. माझ्या सायकलवर. पुढे जात नव्हती आणि पडतही नव्हती. मुलगी मोबाइलवर वेळ लावून शेजारी उभी. दोघी हसत होत्या.
मुलगीसुद्धा! जिला सायकल मी शिकवली. (चौकशी केली, तर तीही आईनेच शिकवली म्हणे. तेव्हा ऑफिसात ऑडिट होतं.)
चहाच्या वेळी जाब विचारला. बायको म्हणाली, मीही नाव देतेय, असं सांगितलं होतं की तुम्हाला. तीनदा. तुम्ही हं म्हणालात.
म्हणालो असेन. पण तो हं नकाराचा होता. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं कळू नये?
ती म्हणाली, "अहो, मला तुमचे सगळे हं सारखेच ऐकू येतात."

२० जानेवारी
अबोला धरला.

२२ जानेवारी
अबोला धरला आहे हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

२४ जानेवारी
शेवटी तिनेच विचारलं, एवढं मनाला लागलं असेल, तर नाव मागे घेऊ का? 'घे' अगदी ओठांवर आलं होतं. पण मोठेपणाने म्हणालो, मला काय, घ्यायचं तर घे. ती म्हणाली, मग नाही घेत.
मोठेपणा अंगाशी येतो तो असा.

२८ जानेवारी
दंतवैद्यांची कंबर धरली. त्यांनी नाव मागे घेतलं आणि आपली सायकल माझ्या बायकोला दिली. काकू, तुम्हीच जिंका, म्हणाले. कट शिजला होता, हे आता उघड आहे.

२९ जानेवारी
शिट्टी झाली. तोल जायला लागला म्हणून पेडल मारलं. वेगात तोल सावरतो, हे शास्त्र आहे. पुन्हा गेला, पुन्हा मारलं. रेषा ओलांडताना हात आपोआप वर गेले. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांच्या आधी पोचलो, आणि तोच शेवटचा नंबर.
वळून पाहिलं. बाकीचे एकेक करून पाय टेकत होते. बायको सुरुवातीच्या रेषेपासून हातभरही पुढे आली नव्हती. ओठ मुडपलेले, नजर समोर. माझ्याकडे नव्हे. हा चेहरा मी घरात कधी पाहिला नव्हता. मनात आलं, पडावी. मग आलं, पडू नये. दुसरं आधी आलं, असं इथे नोंदवून ठेवतो.
पडली नाही.

३० जानेवारी, संध्याकाळ
बायको म्हणाली, चला, शिकवते. तिचा हिरमोड नको म्हणून गेलो. तिने मागून कॅरिअर धरलं. उभा राहिलो, खरोखर उभा. मैदानावर चार ओळखीची माणसं होती, म्हणून जरा मोठ्यानेच म्हणालो, सोड आता, मला गरज नाही.
तिने सोडलं.
पाठीला शेक घेत लिहितो आहे. सोड म्हटलं म्हणून लगेच सोडायचं असतं का?