मऊ पितळ

६ जाने.
इथे सौदीत, यान्बूत थंडी पडली की आमच्या कफीलना, म्हणजे मालकांना, शिकारीची खुमखुमी येते. आज स्वतः वर्कशॉपात आले, रायफलच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या लेथशेजारी ओतल्या. पुन्हा भरायच्यात म्हणे, पण तोंडं चिरतायत, नरम करून हव्यात. मी कासाराचा पोर हे त्यांना ठाऊक. "सदानंद, तुम पितलवाला. सब मालूम!" आता नाही कसं म्हणायचं?

७ जाने.
झालं काम. बाबा पेणला हंडे नरम करायचे तसंच. अख्खी पुंगळी लालबुंद, मग पाण्यात. चर्रर्र! कफील खूश, पाठ थोपटली. मीही जरा फुगलोच.

१० जाने.
गोळ्या भरून कफील पहाटेच वाळवंटात गेले.
दुपारी लेथखाली एक राहिलेली पुंगळी सापडली. सहज व्हाइसमध्ये धरली, किंचित आवळली, तर बूड चेपलं.
अरे गाढवा, हंड्यात पाणी असतं! हिच्या बुडाशी दारू पेटते, आणि मागे माणसाचा डोळा. नरम फक्त तोंड करायचं. बूड कडकच हवं. मी सगळंच...
कफीलचे ड्रायव्हर दाऊदभाई आपल्या दापोलीचे. त्यांना दाखवलं. चेपलेलं बूड बोटाने चाचपलं. मग म्हणाले, "सांगलंस तर एक्झिट मारून कायमचा घरी धाडतील रे तुला." आणि लगेच, "पण सांग. आत्ताच सांग."
कफीलचा फोन लागेना. त्यांना आवाजी मेसेज टाकला. "मुदीर साब, गोली मत चलाना. मेरी गलती है." एकच टिक.

११ जाने.
अजून एकच टिक. दाऊदभाई पिकअप घेऊन निघाले, शिकारीच्या तळाची जागा त्यांना माहीत आहे. मी येतो म्हटलं तर, "तू फोनपाशी बस."
बायकोचा फोन आला. कामात आहे म्हणालो. नोकरी गेली खड्ड्यात. बाबा गेले तेव्हा कफीलनी न मागता विमानाचं तिकीट हातात ठेवलं होतं. त्यांच्या डोळ्याला काही झालं तर मी कुठल्या तोंडाने...

१२ जाने.
दुपारी टिक निळ्या झाल्या. मेसेज ऐकला गेला.
लगेच फोन लावला. वाजला, वाजला, कुणी उचलला नाही. परत लावला. दाऊदभाईंचा बंद.
ऐकला तो कफीलनीच, की त्यांचा फोन दुसऱ्याच कुणाच्या हातात आहे? कुणाला विचारू?