गच्चीवरचं ऊन कोणाचं

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघा वाकत नाही म्हणून उभ्यानेच केलाय, तूही बसल्या जागेवरूनच आशीर्वाद दे, म्हणजे फिट्टंफाट). तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला का? इकडे आम्ही दोघं ठणठणीत आहोत, फक्त ह्यांच्या डोक्यात ऊन शिरलंय.

त्याचं झालं असं, की गेल्या महिन्यात विजेचं बिल आलं. ह्यांनी ते चष्मा पुसून पुसून तीनदा वाचलं आणि म्हणाले, गच्चीवर सोलर बसवू. मी लगेच हो म्हटलं. (एकतीस वर्षांचा अनुभव असा, की पहिल्या फटक्यात हो म्हटलं की विषय आपोआप मरतो.) हा मेला नाही. उलट दुसऱ्याच दिवशी सोलरवाला घरी आला आणि सांगून गेला, की पॅनेलवर सावली पडता कामा नये. एकावर जरी पडली तरी अख्खी रांग सुस्तावते. झालं, ह्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं! जन्म गेला मोजणी कचेरीत नकाशे काढण्यात, आणि निवृत्तीनंतर मोजायला घरात मीच उरले होते. हिवाळ्यात सावल्या सगळ्यात लांब पडतात, तेव्हा मोजायच्या तर आत्ताच, असं म्हणून गेले आठ दिवस नऊ ते पाच, दर तासाला हे खडू घेऊन वर जातात आणि सावल्या आखतात. टाकीची, जिन्याच्या खोलीची, एवढंच काय, मी वाळत घातलेल्या चादरीचीसुद्धा! ती मी काढली, तर नोंद बिघडवली म्हणून संध्याकाळपर्यंत अबोला. आता टाकीच्या दहाच्या सावलीतून पाय काढावा तर तो अकराच्या सावलीत पडतो.

मी उगाच नावं ठेवते असं समजू नकोस. मीही बसून नीट विचार केला. दिवसभर ऊन स्लॅब तापवतं, आणि तो ताप घालवायला खाली आपण पंखे लावतो, म्हणजे फुकट आलेल्या पाहुण्याला हाकलायला पैसे मोजतो. त्यापेक्षा त्याला कामाला लावलेलं काय वाईट? सोलरवालाही सरळ माणूस दिसला. आठवड्याला पॅनेल धुवावी लागतील, ढग आले की वीज कमी होईल, हे त्याने न विचारता सांगितलं. ताई, सगळं पटतं. तीच तर पंचाईत आहे. न पटणाऱ्या गोष्टीशी भांडता येतं, पटलेल्या गोष्टीशी काय भांडणार?

कारण सगळ्यात स्वच्छ ऊन आहे दक्षिणेच्या कठड्यापाशी, आणि तिथे चार वाजता मी बसते. कपडे काढायला म्हणून जाते आणि अर्धा तास बसते. काय करते म्हणशील, तर काहीच नाही. स्वयंपाकघरात बसलं की कुणालातरी चहा आठवतो. पलंगावर टेकलं की बरं नाही का, असं विचारतात. वर कुणी काही विचारत नाही, कारण मुलं लहान होती तेव्हापासून सगळ्यांना वाटतं मी घड्या घालतेय. (घड्यांना पाच मिनिटं लागतात. बाकीची पंचवीस कुठे जातात, हे मोजणी कचेरीतल्या माणसालाही इतक्या वर्षांत सुचलेलं नाही.) आता मला काहीच न करायला जागा हवी, हे सांगायचं तरी कसं? एका पारड्यात सोलरने वाचणारं निम्मं बिल आणि दुसऱ्यात काहीच नाही. म्हणून मी परत हो म्हटलंय. परवा सोलरवाला पक्कं करायला येतोय.

बाकी क्षेम. औषध वेळेवर घे.

तुझी,
धाकटी

ता. क. भावोजींनी एवढी घरं बांधली, त्यांचा शब्द हे खाली पडू देत नाहीत. जुन्या स्लॅबला एवढं वजन झेपायचं नाही, असं त्यांनी फोनवर म्हणावं. सहज हं. माझं नाव नको.

आणखी ता. क. पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं. वरचा ता. क. वाचलाच नाहीस असं समज. (खोडणार होते, पण खोडलेलं तू उजेडाला धरून वाचतेस.) काल ह्यांची वही टेबलावर उघडी होती. पानावर तीन रकाने : वेळ, अडथळा, हलवता येईल का. टाकीपुढे लिहिलंय, ‘हो, खर्च येईल.’ शेवटच्या ओळीत चार वाजता, अडथळा : ‘ही.’ आणि पुढे, ‘नाही.’

आज सोलरवाला आला. ह्यांनी त्याला दक्षिणेचा कोपरा सोडायला सांगितलं. दोन पॅनेल कमी बसतील. तो म्हणाला, “काका, कठडा तर कमरेएवढा आहे. इथे कसली सावली?”

“पडते,” हे म्हणाले. “चार वाजता.”

मला काही बोलले नाहीत. मीही वहीचं बोलले नाही. अडथळ्यांच्या यादीत घातल्याचा खरं तर राग यायला हवा होता. अजून आलेला नाही. आला की कळवीन.