एकाच माइकभोवती

नागोया, रविवार संध्याकाळ

तळहात अजून चुरचुरतोय. मोरिता-सानांच्या कानाखाली वाजवली मी. ज्यांनी मला मॅन्डोलिन शिकवलं, त्यांच्या!

आमच्या ब्लूग्रास ग्रुपचं वेडच तसं. ब्लूग्रास, म्हणजे बॅन्जो-मॅन्डोलिनचं अमेरिकन लोकसंगीत, सुरू झालं तेव्हाची ती रेकॉर्ड, तिच्यातल्यासारखंच एका माइकभोवती उभं राहायचं. ज्याचा तुकडा, तो पुढे. संपला की मागे. मोरिता-सान बॅन्जो घेऊन पुढे आले की मागे सरतच नाहीत. आज तालमीत माझा तुकडा आला आणि त्यांनी कोपर हाणलं, थेट मॅन्डोलिनवर. तार तुटून माझ्या गालावर बसली. रक्त आलं.

म्हणाले, "रेकॉर्डमध्येही इथे ठक्क वाजतं. त्या वादकांचंही कोपर लागलं असणार."

म्हणजे मुद्दाम! रेकॉर्डमधली चूकसुद्धा वाजवायची?

मग मीही वाजवली. त्यांचा ओठ फुटला, बॅन्जोच्या पांढऱ्या कातड्यावर रक्ताचे थेंब. खरं लिहू? बरं वाटलं. आणखी एक ठेवून द्यावीशी वाटली. वडिलांच्या वयाचा माणूस, आणि मला बरं वाटलं?

सबवेत माझ्या रक्ताळलेल्या गालाकडे कुणी बघितलंही नाही. घरी बायकोने, सुजाताने, नेहमीसारखं विचारलं, "आज काय वाजवलंस?"

आत्ता मोरिता-सानांचा मेसेज आला. तालमीचं रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं, ते त्यांनी ऐकलं. "तुझी थप्पड अगदी तालात आहे. माझंच कोपर घाईत पडलं. पुढच्या रविवारी पुन्हा घेऊ."

वाजवायला हात शिवशिवतोय.