न घेतलेला नमुना

३ जून, मंगळवार

पोचलो एकदाचे! खामगावहून मुंबई, तिथून विमानानं बाली आणि वर अडीच तास बोट. लग्नाला अडीच वर्षं झाली, तेव्हा कुठे आमची ही पहिली मोठी सुट्टी. कुणीतरी समुद्रात कढई पालथी घालावी तसं बेट आहे, आणि माथ्यावर ज्वालामुखीचा बारीक धूर. किनाऱ्यावरची वाळू कुळकुळीत काळी. सहदेवनं मूठभर उचलून विचारलं, पऱ्हाटी येईल का गं यात? तो शेतकऱ्याचाच पोरगा, काळं दिसलं की कापूस पेरावासा वाटतो त्याला.

बांबूचं घर आहे. मालकीण म्हातारी, एकटी. तिनं डोंगरातल्या झऱ्याचं पाणी आणून दिलं. मी सवयीनं आधी घोट जिभेवर फिरवला. खामगावला पाणी तपासायच्या खासगी प्रयोगशाळेत सात वर्षं काढली की असं होतं. पाणी गोड आहे, अगदी साखरेसारखं. सहदेव हसून म्हणाला की सुट्टीत पाणी तपासायचं नसतं, नुसतं प्यायचं असतं.

४ जून, बुधवार

सकाळी समुद्रालगतच्या गरम कुंडात दोन तास बसलो. बोटांना सुरकुत्या पडल्या तरी उठवेना. सहदेवनं सोबत आणलेला ठेचा मालकिणीला चाखायला दिला. ती ठसका लागून लाल झाली आणि मग वाटी पुढे करून परत मागितला! दुपारी तो झोपाळ्यात तोंड उघडं टाकून झोपला आणि मी बाजूला बसून नुसती बघत राहिले. इतकं निवांत आम्ही कधी नव्हतो.

संध्याकाळी म्हणाला, पाणी जरा खारं लागतंय. त्याच पेल्यातून मी प्यायले. गोडच होतं. दिवसभर समुद्राचं पाणी नाकातोंडात गेलंय, दुसरं काय.

५ जून, गुरुवार

आज सीलबंद बाटली आणली. त्यानं स्वतः झाकणाचं सील फोडलं, घोट घेतला आणि थुंकला. शहाळंही तसंच. चहासुद्धा. प्रत्येक वेळी त्याच्यामागून मी प्यायले आणि मला काहीच लागलं नाही. तो म्हणाला, “आपण चुकून संग्रामपूरकडं तं नाही आलो ना बे?” तिकडच्या सगळ्या विहिरी खाऱ्या, म्हणून चेष्टा. मी हसले. जरा जास्तच हसले असेन, कारण तो माझ्याकडे बघत राहिला.

६ जून, शुक्रवार

प्रयोगशाळेतल्या संघपालचा निरोप आला. एकच ओळ: अंबूबाई गेली, मंगळवारी सकाळी. म्हणजे आम्ही बेटावर उतरलो तेव्हा. सहदेवनं विचारलं, कोण? एका गावची बाई, एवढंच मी सांगितलं.

इथे लिहिते. कुणाला तरी सांगायलाच हवं.

तीन वर्षांपूर्वीचा मार्च. संग्रामपूरकडच्या एका गावात नवा हातपंप बसला होता. मी जाऊन पाण्याचा नमुना आणायचा होता. त्याच दिवशी सहदेव अकोल्याहून मला पहिल्यांदा भेटायला आला. ऊन मी म्हणत होतं. आम्ही दुपारभर रसवंतीत बसलो, मी गावाला गेलेच नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावचे आकडे उतरवून काढले आणि सही केली. पिण्यास योग्य. माझ्या त्या कागदावरून गावचा पाण्याचा टँकर बंद झाला.

त्याच गावच्या अंबूबाईचा मुलगा गोकुळ बावीस वर्षांचा होता. त्या पाण्यानं त्याच्या किडन्या गेल्या. ती हिरव्या लुगड्यात खामगावला प्रयोगशाळेत आली, त्या पंपाचं पाणी बाटलीत घेऊन. भांडली नाही. एवढंच म्हणाली, “बाई, तुमी एक घोट पेऊन दाखवा. मंग मी जाते.” मी मीटिंग आहे म्हणाले. वॉचमननं तिला दंडाला धरून बाहेर नेलं. मागच्या जुलैत गोकुळ गेला.

७ जून, शनिवार

सहदेवचे पाय सुजलेत. बोट दाबलं की खड्डा पडतो आणि तसाच राहतो. लग्नातली अंगठी निघेना.

भर दुपारी मी टॉवेल वाळत घालून वळले, तर झोपाळ्याशी एक बाई बसलेली. माझ्याकडे पाठ. हिरवं लुगडं. पदरानं त्याला वारा घालत होती, जसा आजारी लेकराला घालतात. मी धावत गेले. कुणी नव्हतं. काळ्या वाळूवर पांढरा थर होता, मांडी घालून बसलेल्या माणसाएवढा. बोटानं उचलून जिभेला लावला. मीठ. आपल्या खारपाणपट्ट्यातल्या जमिनीवर फुटतं तसं.

सहदेव झोपेत हसत होता.

८ जून, रविवार

बेटावरची नर्स येऊन गेली. तिनं पोट दाबलं, डोळे पाहिले आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना हात लावून मान हलवली. मोठ्या दवाखान्यात न्या, आजच. पण डोंगर पहाटेपासून राख टाकतोय, बोटी बंद आहेत. उद्या, म्हणतात. कदाचित.

चार दिवस घशाखाली थेंब नाही. त्याचे ओठ पांढरे पडलेत. मी पुसते, परत पांढरे.

ती दाराशी बसली आहे. आता लपत नाही.

९ जून

सगळं सांगितलं सहदेवला. रसवंती, आकडे, सही, बाटली. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्या हातातून हात काढून घेतला. म्हणाला, “त्या दिवशी मले काऊन नाही सांगितलं? मी आलो असतो तुह्यासंगं गावाले.”



१० जून

मी तिच्या पाया पडले. म्हटलं, सही माझी आहे. मला ने. त्याला सोड —

ती रागावलीसुद्धा नाही. म्हणाली, “तुमाले काऊन नेऊ, बाई? तुमी जगा. मी बी जगलीच ना, गोकुळ गेल्यावर. अकरा महिने.”

नर्स म्हणते कुणाशी बोलतेस —

१० जून, दुपार

बोट आली. भोंगा ऐकला. माणसं स्ट्रेचर घेऊन चढावरून येताहेत, दिसताहेत, अजून थोडं —

सहदेवनं डोळे उघडले. मी हाक मारली. बघत नाही माझ्याकडे —

तिच्याकडे —

ती उशाशी आहे. केसांतून हात फिरवते त्याच्या. म्हणते, ऊठ बाप्पा गोकुळ, घरी जाऊ —

नाही, हा सहदेव आहे, मी ओरडतेय, सहदेव —

तो हसला. “हाव माय,” म्हणाला, आणि हात तिच्या —