विहीर कोणत्या गावची

आप्पा, न्हावऱ्याहून दौंडला सायकलीवर जायला तुम्हाला किती वेळ लागला होता, हे मी कधी विचारलं नाही. मी दहावीत होते. वक्तृत्व स्पर्धेसाठी शाळेतल्या बाईंबरोबर आदल्या दिवशीच एसटीनं दौंडला गेले आणि भाषणाचे कागद घरी फडताळात विसरून आले. दुसऱ्या दिवशी माझा नंबर यायच्या जरा आधी तुम्ही सभागृहाच्या दारात उभे. गुडघ्यापर्यंत धूळ, ओठ पांढरे पडलेले, हातात युरियाच्या गोणीच्या तुकड्यात गुंडाळलेले कागद. मी विचारलं, कसे आलात? तुम्ही म्हणालात, "आलो." त्यापलीकडे एक शब्द नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढं दोन वर्षं, तुम्ही असेपर्यंत, कधीच नाही. खरं तर त्या आठवड्यात आपलं भांडण झालेलं होतं. मी चुलीपुढं बसून भाषण घोकत होते, तव्यावरची भाकरी करपली, आणि तुम्ही उसाच्या कामावरून येऊन दारातूनच म्हणालात, "एवढ्या मोठ्यानं कुणाला सांगतीस? ऐकाय कोण बसलंय हितं?" मी तो घाव जपून ठेवला होता. म्हणून तुम्ही कागद घेऊन आलात तेव्हा मला आनंद कमी आणि आश्चर्य जास्त वाटलं.

तुम्ही बोलला नाहीत, म्हणून तो पन्नासेक किलोमीटरचा रस्ता माझ्या हाती मोकळा राहिला. तो मी भरला. तीस वर्षं मी सभांमधून बोलते आहे, माणसाला माणूस न मानणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर बोलते आहे, आणि जवळजवळ प्रत्येक भाषणात तुमची सायकल येते. पहिल्यांदा नुसती सायकल होती. मग एका सभेत लोक कंटाळलेले दिसले आणि माझ्या तोंडून विहीर निघाली. भीमेच्या काठावरच्या एका गावची विहीर, तिच्यावर चिंच, कड एका बाजूनं फुटलेली, दगडावर दोरानं पडलेले खोल चर. माझ्या बापानं तिथं पाणी मागितलं आणि जात विचारून त्याला नाकारलं गेलं. सभा हलली. त्यानंतर ती विहीर मी कधी सोडली नाही. असं घडतच नव्हतं का? घडत होतं, गावोगाव घडत होतं. तुमच्या बाबतीत घडलं का, हे मला माहीत नव्हतं एवढंच.

मागच्या महिन्यात शिरूरच्या सभेत एक तरुण उभा राहिला. शेतकऱ्याघरचा, सभ्य. म्हणाला, "ताई, ती विहीर कोणत्या गावची?" मी एका श्वासात म्हणाले, "सगळ्या गावांची." टाळ्या पडल्या. तो मात्र तसाच उभा होता. टाळ्या संपल्यावर शांतपणे म्हणाला, "पण पाणी मागितलं ते एकाच गावात ना?" आणि बसला. उद्या त्याच सभागृहात माझं भाषण आहे आणि तो येणार आहे, त्यानं तसा निरोपच पाठवलाय. मी जर हे खोटं बोलले असेन, तर त्याला बाकीचं सगळंच खोटं म्हणायची मोकळीक मी स्वतःच्या हातानं दिली.

याच सुमारास शिरूरच्या सायकलवाल्यांनी एक आव्हान काढलं. शिरूर ते दौंड आणि परत, दीडशे किलोमीटर, दहा तासांत. वाट तीच, तुमची. मी नाव दिलं. तुमच्या नातवाची कॉलेजातली माउंटन बाइक घरामागं गंजत पडली होती, तिला तेल घातलं. तो हसून म्हणाला, "आई, ही सायकल न्हाई, नांगर हाय." जाड दातेरी टायर, सात-आठ गिअरमधले दोनच लागणारे. बाकीची मंडळी घट्ट कपड्यांत, बोटावर उचलता येतील अशा सायकली घेऊन आलेली. मी पंजाबी ड्रेसवर हेल्मेट घातलेलं. पहाटे सहाला निघालो आणि न्हावऱ्यापर्यंत सगळे माझ्या पुढं निघून गेले.

न्हावरं सोडलं आणि धुकं लागलं. दोन्ही बाजूंना ऊस, पुढं दहा पावलांचा रस्ता. दातेरी टायर डांबरावर घूं घूं करतात, भाषण सुरू व्हायच्या आधी सभागृहात असते तशी ती कुजबुज. त्यात मला दुसरा आवाज ऐकू आला. कुई, थोडं थांबून कुई. कोरड्या साखळीचा. तुमच्या काळ्या सायकलीचा पायडल वर येताना असाच वाजायचा, घरात बसून मला कळायचं की आप्पा वळणावर आले. मी थांबले, आवाज थांबला. माझीच साखळी असेल म्हणून खाली वाकून हातानं पायडल फिरवला. आवाज नाही. चालू लागले की पुन्हा मागं, वीसेक पावलांवर, कुई. भिणारी बाई नाही मी, भूतखेत मानणाऱ्यांना व्यासपीठावरून सोलून काढलंय. तरी पुलावर मी मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं आणि कुणी नसलं तर काय, याची भीती नव्हती. भीती दुसरी होती.

दौंडला पोचले, तिथं कार्डावर शिक्का घेतला आणि लगेच उलट फिरले. धुकं गेलेलं, ऊन डोक्यावर. चौफुला मागं पडला. आवाज होताच, दिवसाढवळ्या, गाड्यांच्या मधूनमधून. नदीच्या अलीकडं एका गावापाशी पाय आपोआप थांबले आणि मी डावीकडं पाहिलं. रस्त्यापासून थोडी आत विहीर होती. चिंच होती. कड एका बाजूनं फुटलेली होती. सायकल तशीच टाकून मी जवळ गेले आणि दगडावरच्या चरांत बोट घातलं. पेरभर आत गेलं. या रस्त्यानं मी शंभरदा एसटीनं गेले असेन. खिडकीतून कधी दिसली असेल, मनात राहिली असेल. तिथं उभी राहून हेच मी स्वतःला समजावत होते.

चिंचेखाली बाजेवर एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. विहीर कधीचीच आटलीय म्हणाली. मग कुठली म्हणून विचारलं. न्हावऱ्याची, मी म्हटलं. तिनं माझ्या सायकलीकडं पाहिलं.

"न्हावऱ्याचा एक मानूस आलता सायकलवर. माझी पोरं ल्हान हुती तवा. पानी मागितलं त्यानं. सासू म्हणली दिऊ नगं. मीच पोहरा उचलून आत न्हेला."

मी विचारलं, तो काय म्हणाला.

"काय न्हाई. कागद काढलं आन् मला म्हणला, बाई, वाचता येतं का? माझ्या पोरीचं भाषण ह्येच हाय का बघा. फडताळात लई कागद हुते, मला अक्षर कळत न्हाई, असं म्हणला. मी आपली चौथी शिकल्याली. वरची वळ वाचून दावली. म्हणला, व्हय, ह्येच. आन् गेला."

मी तिला म्हटलं, मोबाइलवर माझं भाषण ऐकलं असेल तुम्ही. ती म्हणाली, कंचं भाषण? आणि शेंगा बाजूला ठेवून, शाळेत धडा म्हणतात तशा सुरात तिनं ती ओळ म्हटली. "अध्यक्ष महोदय, माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत येतो आहे का?"

आप्पा, ती ओळ मी कुठल्याच सभेत बोलले नाही, चुलीपुढं घोकली तेवढीच. तुम्ही कागद दिलेत आणि बाईंनी पहिल्यांदा तीच खोडली, आगाऊपणा वाटेल म्हणून. ती कागदावरच राहिली. त्या दिवशी शेवटच्या बाकामागं भिंतीला टेकून तुम्ही उभे होतात, आणि त्या सभागृहात ती ओळ फक्त तुम्हीच ऐकलेली होती. पाणी न देणाऱ्या बाईच्या तोंडून.

मी तिला सांगितलं, तो माझा बाप होता, आणि ही विहीर मी गावाचं नाव न घेता सभांमधून सांगत आले. म्हातारी आत गेली, तांब्या भरून आणला, फुटक्या कडेवर ठेवला. म्हणाली, "गावाचं नाव घ्यायचं तर घे कुठं बी. मीच हुते ती. आता पी." मी म्हणाले, बाटली भरलेली आहे माझी. तिनं सायकलीच्या दांडीवरच्या बाटलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाली, "बरं." मी निघाले. तिथून शिरूरपर्यंत मागून आवाज आला नाही. एकदाही नाही. तुम्ही तिथं मागंच थांबलात का? दहा तासांवर अकरा मिनिटं गेली, आव्हान हुकलं, त्याचं काही वाटत नाही.

उद्या सभेत मी सांगणार आहे की विहीर मी रचली होती, आणि मग ती मला सापडली. त्या तरुणाला गावाचं नाव सांगेन. इथं लिहीत नाही, तुम्हाला ते माहीत आहे. म्हातारीनं ओळ म्हटली तेही सांगेन, तांब्या आणला तेही सांगेन. लोक टाळ्या वाजवतील.

एवढं मात्र तिथं सांगणार नाही. माझी बाटली चौफुल्यालाच संपली होती.